छपरावरचा कोहळा

२१ नोव्हेंबर २०२३

सुनेच्या हुकमावरून ही डायरी सुरू करतो आहे. हर्षा म्हणाली, "बाबा, रोज जे खाल ते लिहून ठेवा, म्हणजे खाण्यावर लक्ष राहते." एका कापडाच्या व्यापाऱ्याने दिवाळीला दिलेली डायरी दुकानात कोरी पडली होती, ती कामी आली.

तर आजचं खाणं. सकाळी बिनदुधाचा चहा, त्याला चहा म्हणायचं असेल तर. मोड आलेले मूग. दुपारी ज्वारीची भाकर, मेथीची भाजी, आणि भात एवढासा, म्हणजे लहान पोराला भरवतात तेवढा. संध्याकाळी पुन्हा तेच.

झालं असं, की दिवाळीनंतर दुकानात कापडाचं थान उचलताना चक्कर आली. भंडाऱ्याला डॉक्टरकडे गेलो. साखर वाढलेली, कोलेस्टेरॉल वाढलेलं. डॉक्टर पोरसवदा होता. म्हणाला, तळण कमी करा, भात कमी करा, भाज्या-डाळी वाढवा. तो एवढंच म्हणाला. मी रिपोर्टचा फोटो काढून मुलाला, नीलेशला पाठवला आणि बंगलोरहून सूनबाईचं फर्मान आलं. मासोळी बंद, मटण बंद, अंडी बंद, दूध-तूपसुद्धा बंद. जे झाडाला, वेलीला, नाहीतर जमिनीत येतं तेवढंच खायचं. हर्षा स्वतः दोन वर्षांपासून तसं खाते आणि तब्येत ठणठणीत आहे, म्हणून मी वाद घातला नाही. शिवाय माझा स्वभाव असा, की एकदा हो म्हटलं की मागे फिरत नाही. पण तलावांच्या मुलखात मासोळी बंद आणि धानाच्या मुलखात भात बंद, म्हणजे माणसाने करायचं काय?

माझी बायको ललिता जूनपासून बंगलोरला आहे. नात झाली तेव्हा तीन महिन्यांसाठी म्हणून गेली होती. हर्षाची नोकरी, नीलेशची नोकरी, लहान पोर, त्यामुळे तीनाचे सहा झाले. आता संक्रांतीच्या आधीचं तिकीट काढलं आहे. मी तिकडे जाऊन राहावं तर दुकान कोण पाहणार? लाखनीत आमच्या बापजाद्यांपासून लुगडी-टॉवेलांचं दुकान आहे. कुलूप लावलं की गिऱ्हाईक समोरच्याकडे जातं.

जाताना तिने परसात कोहळ्याचं बी लावून दिलं होतं. वेल टिनाच्या छपरावर चढला. तीन कोहळे धरले, त्यातले दोन माकडांनी पाडले. एक उरला आहे, चांगला मोठा, वरून राख फासल्यासारखा पांढरा होत चालला आहे. दरवर्षी पौषात आमच्याकडे कोहळ्याच्या वड्या होतात. आमच्यात बाई सबंध कोहळा फोडत नाही, पहिला वार पुरुषाने करायचा. ललिता हळदकुंकू लावून कोहळा माझ्यापुढे ठेवते, मी विळ्याने एक वार करतो, आणि पुढचं सगळं तिचं. किसणं, पिळणं, उडदाची डाळ वाटणं, कापडावर वड्या घालणं. मी वर्षभर वड्या खातो आणि वार माझा होता म्हणून मिरवतो.

आज फोनवर म्हणाली, "कोहळ्याले हात नका लावू. मी आल्यावर पाहू." लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तिचा माझ्यावर भरवसा बसला नाही.

२५ नोव्हेंबर

डाळ करपली. पातेलं घासायला संध्याकाळ गेली.

आज हरभऱ्याची कोवळी भाजी मिळाली. ती कशी करायची म्हणून ललिताला फोन केला. एरवी आमचा फोन दोन मिनिटांत आटोपतो. जेवले का, जेवलो, पोर झोपली का, झोपली, ठेवू का, ठेव. आज ती भाजी निवडण्यापासून सुरू झाली.

"धुऊ नका जास्त, त्याचा आंबटपणा जाते. लसूण ठेचून टाका. ज्वारीचं पीठ भुरभुरा वरून. अन् हलवत राहा, नाहीतर गोळे होतात."

"किती पीठ?"

"आता मी हातानं टाकते, ते काय सांगू? मूठभर. माही मूठ, तुमची नाही."

मी फोन ओट्यावर उभा करून ठेवला होता. ती तिकडून कढईत पाहत होती आणि इकडे मी घामाघूम. मध्येच म्हणाली, हिंगाचा डबा वरच्या फळीवर डावीकडे आहे. तो खरंच तिथे होता. मी सहा महिने बिनहिंगाचं खाल्लं. भाजी होऊन, मी जेवून उठेपर्यंत तिने फोन ठेवला नाही. तिकडे पोर रडत होती, तर हर्षाला म्हणाली, "घे ना जरा तिले, मी बोलून राहिली."

भाजी बरी झाली. भाजीपेक्षा जेवताना कोणी बोलत होतं ते बरं वाटलं.

२८ नोव्हेंबर

जवसाची चटणी, ज्वारीची भाकर, मुंगन्याच्या पानांची भाजी. तिन्ही तिला विचारून केलं. कान गरम होईपर्यंत बोलली.

२ डिसेंबर

हर्षाचं पार्सल आलं. त्यात ओट, कसल्या कसल्या बिया आणि गोळ्यांची एक बाटली निघाली. बी-बारा की काय ते. रोज एक घ्यायची म्हणे. बाकीच्या वस्तू डब्यात भरल्या, बाटली कपाटात ठेवून दिली. एवढा पाला खातो आहे, आता त्यावर औषध कायले? ज्याला आजार आहे त्याने गोळी घ्यावी. मी तर आजार होऊ नये म्हणून खातो आहे.

तिने यादीत लिहिलेला टोफू, म्हणे सोयाबीनचं पनीर, लाखनीत कुठेच मिळाला नाही. किराणा दुकानदाराने विचारलं, "हे कोणत्या कंपनीचं बिस्कीट व्हय?"

७ डिसेंबर

आता हात बसला. मोबाइलवर सगळं दिसतं. एक बाई नागपूरकडची आहे, ती छान शिकवते. बरबटीची उसळ, वांग्याचं भरीत, अंबाडीची भाजी, सगळं तिचं पाहून केलं. भरीत तर असं झालं, की शेजारच्या कुंताबाईंना वाटीभर नेऊन दिलं. त्या पाहतच राहिल्या.

ललिताला सांगितलं, "आता तुले विचाराची गरज नाही. मोबाइलवर सगळं सापडते. तू आपली निवांत नातीले खेळव."

"बरं झालं," म्हणाली आणि फोन पोरीच्या कानाला लावला. पोर काय बोलणार, नुसती हुंकारत होती. मीच थोडा वेळ बोललो आणि ठेवला. बहुधा ललिताला काही काम असावं.

१३ डिसेंबर

कुंताबाईंकडे आज झिंगे होते. वास भिंतीवरून आला आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

मी समोर मुगाची उसळ घेऊन बसलो होतो. वांगं घालून झिंगे करावेत ते ललितानेच. आधी कोरडे भाजून, चुलीवर, तेल हात राखून, आणि शेवटी सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून वरून. रविवारी दुकान अर्धा दिवस बंद असायचं. मी अंघोळ करून परसात बसायचो आणि ती आतून ओरडायची, "बसू नका तिथं, झिंगे निवडा." मी कुरकुर करत निवडायचो. आज कोणी निवडायला सांगितलं असतं तर मी पाटीभर निवडले असते.

मासोळीची आठवण येते असं लिहायला घेतलं होतं. खरं सांगायचं तर ती मासोळीची नाही.

२० डिसेंबर

पायाला मुंग्या येतात. काही दिवसांपासून येत होत्या, मला वाटलं दुकानात मांडी घालून बसतो म्हणून. काल पायातली चप्पल गळून मागे राहिली आणि मला चार पावलांनंतर कळलं. तेव्हा घाबरलो आणि आज भंडाऱ्याला गेलो.

डॉक्टरने पायाला टाचणी टोचून पाहिली, रक्त काढलं. बी-बारा पार तळाला गेलेलं. मी म्हटलं, पण मी तर पहिल्यापेक्षा चांगलं खातो आहे.

"काका, हे भाजीपाल्यात मिळतच नाही," तो म्हणाला. "तुमचं आधीपासूनच कमी असणार. त्यात दूध, अंडी, मासोळी, सगळं एकदम बंद केलं. असं खायचं तर खुशाल खा, चांगलंच आहे, पण मग याची गोळी घ्यावीच लागते. कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

सांगितलं होतं. बाटलीसकट सांगितलं होतं.  त्याने पाच इंजेक्शनं लिहून दिली आणि पुढे रोजची गोळी. कुंताबाईंचे मालक भैय्यालाल सोबत आले होते, त्यांनी बाहेर आल्यावर मला चांगलं झापलं.

ललिताला सांगायचं नाही असं ठरवलं आहे. तिकडे बसून जिवाला घोर लावून घेईल. फोनवर तिने विचारलं, "आवाज असा काहून येऊन राहिला?" मी म्हटलं, थंडी आहे.  तिने पुन्हा विचारलं, "दुसरं काही नाही ना?" म्हटलं, दुसरं काय असणार?

३० डिसेंबर

साखर उतरली. कोलेस्टेरॉलही उतरलं. वजनसुद्धा उतरलं, पण त्याचं कोणी विचारलं नव्हतं.

रिपोर्टचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. हर्षाने टाळ्यांची चित्रं पाठवली. नीलेशचा लगेच फोन आला. आधी शाबासकी दिली, मग जरा घुटमळला. मी व्यापारी माणूस, कोणी घुटमळलं की पुढे काय येणार ते कळतं.

"बाबा, तुमचं आता एवढं चांगलं चालून राहिलं, तर आई जूनपर्यंत राहिली तर चालंन का? हर्षाच्या ऑफिसात नवीन काम सुरू झालं. पोरगी आईलेच ओळखते."

मी म्हटलं, "राहू दे ना. माझं काय अडलं? मी आता सगळं करतो."

"नक्की ना?"

"अरे, तुझ्या मायच्या वड्या सोडल्या तर मी सगळं शिकलो. त्याही शिकून घेईन."

फोन स्पीकरवर होता. मागे भांडी वाजत होती, ती वाजायची थांबली. नीलेश म्हणाला, "आई, बोलतेस का?" तिचा आवाज लांबून आला, "काय बोलू? ठरलं ना."

बापाने जे बोलायला पाहिजे ते मी बोललो. पोराच्या अडचणीला आपण उभं नाही राहायचं तर कोणी? तिकीट रद्द झालं.

मग दुकान उघडायला गेलो. कुलपात किल्ली घातली आणि तसाच उभा राहिलो. समोरून ट्रकमागून ट्रक जात होते. जून म्हणजे पुन्हा कोहळ्याचं बी लावायची वेळ.

५ जानेवारी २०२४

बोललो तसं केलं. मोबाइलवर पाहून मुगाच्या वड्या घातल्या. डाळ भिजवली, वाटली, आलं-मिरची घातली, दुकानातलं जुनं लुगडं परसात पसरून त्यावर वड्या ओळीने घातल्या. थोड्या लहान-मोठ्या झाल्या आहेत, पण वड्याच आहेत. फोटो पाठवला.

ललिताचा फोन आला, तो नेहमीच्या वेळी नाही, भर दुपारी. मी म्हटलं आता शाबासकी मिळणार.

"कोहळा फोडला का?"

"नाही. या मुगाच्या आहेत."

"छपरावरच आहे ना तो?"

"छपरावरच आहे. तुझ्या कोहळ्याले कोणी हात नाही लावला."

"बरं," म्हणाली. वड्यांबद्दल एक शब्द नाही. माणसाने एवढा खटाटोप करावा आणि बायकोला काळजी कसली, तर कोहळ्याची.

पायाच्या मुंग्या कमी आहेत. गोळी रोज घेतो. जिभेखाली ठेवायची असते, गोडसर लागते. दिवसभरात तोंडाला तेवढंच गोड.

१५ जानेवारी

संक्रांत. तिळाचे लाडू मी केले नाहीत. करता आले असते.

कुंताबाई तीळगूळ घेऊन आल्या. मी त्यांना बिनदुधाचा चहा दिला, तो त्यांनी चांगुलपणाने प्यायला. मग म्हणाल्या, "ललिताबाईचा फोन आला होता मले परवा."

"काय म्हणे?"

"विचारून राहिली होती का, घर कसं दिसते? मी म्हटलं, छान दिसते, भाऊजी झाडझूड करते, भाजी करते, वड्याही घातल्या. तर म्हणे, म्हणजे माझ्यावाचून काहीच अडलं नाही."

"मग खरंच नाही अडलं," मी हसून म्हटलं. "तिले तर आनंद व्हायला पाहिजे."

कुंताबाई हसल्या नाहीत. कप खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही मोठे हुशार आहा. पण बाईसाठी घरात काहीतरी ठेवा लागते." आणि गेल्या.

काय ठेवायचं? तिची कपाटं तशीच आहेत. तिच्या लुगड्यांना मी मध्ये ऊन दाखवलं. तुळशीला पाणी घालतो. हिंगसुद्धा तिने सांगितलं त्याच जागी ठेवतो. बायकांचं बोलणं मला कधी सरळ कळलं नाही.

१९ जानेवारी

आज ललिताने व्हिडिओ केला आणि म्हणाली, कोहळा दाखवा. मी मोबाइल खिशात घालून शिडीवर चढलो. पाय आता बरे आहेत, तरी जरा जपूनच. वर गेल्यावर कोहळ्यासमोर मोबाइल धरला.

ती बराच वेळ पाहत राहिली. पोर तिच्या कडेवर होती, तीही पाहत होती.

"देठ सुकला," म्हणाली. "आता खाली उतरवा, नाहीतर माकडं पाडतात. देठ ठेवा त्याले, म्हणजे टिकते. तसा वर्षभर काही होत नाही."

"तिकडे नाही का मिळत कोहळा?"

"मिळते. नीलेशनं आणला होता. कापलेला, प्लास्टिकात गुंडाळलेला. किती दिवसांचा, कोणी कापलेला, काय माहीत. मी तसाच ठेवून देला." मग म्हणाली, "त्या वेलाखाली पानं गळली असतील. झाडून घ्या. नाही, घेतलीच असतील तुम्ही."

घेतली होती, पण का कोण जाणे, मी म्हटलं, नाही घेतली.

कोहळा खांद्यावर घेऊन उतरलो. हातापायाला पांढरी पूड लागली. मधल्या खोलीत ललिता बसून भाजी निवडते तिथे पोतं टाकून त्यावर ठेवला. आता येता-जाता तो दिसतो.

२६ जानेवारी

डॉक्टर म्हणतो, रिपोर्ट सगळे चांगले, बी-बारा वर आलं, पण वजन आणखी कमी कसं? दही खात जा म्हणाला, थोडं वाढवा. विचारलं, जेवण जात नाही का?

जात नाही. चव कळते, करायला येतं, पण एका माणसाचं शिजवायचं आणि एका माणसाने खायचं, यात कधी सुरुवात होते आणि कधी संपतं तेच कळत नाही. आधी भाजी करपायची तेव्हा पोटभर जेवत होतो. ती फोनवरून रागवायची आणि मी खायचो.

या डायरीत खाण्याचं लिहायचं होतं. मागची पानं चाळली तर खाणं कमीच आहे. मला ललिता इथे पाहिजे. ते कुठेच सरळ लिहिलं नव्हतं, म्हणून आज लिहून ठेवतो. नातीसाठी नको, नीलेशसाठी नको, जूनमध्ये नको. आता पाहिजे.

लिहिणं सोपं आहे. फोनवर आज विचारलं तिने, "कसं चाललं?" मी म्हटलं, "एकदम फर्स्ट क्लास."

५ फेब्रुवारी

आज दुकान उघडलं नाही.

काल नीलेशशी बोलणं झालं. मी सहज विचारलं, हर्षाची आई गोंदियाला एकटीच असते, ती कधी येणार नातीला पाहायला? तो म्हणाला, "त्या तर केव्हाच्या तयार आहेत, बाबा. मार्चपासून आमच्या बिल्डिंगीत पाळणाघरही सुरू होते. मीच आईले म्हटलं, तू जाऊन ये आता, बाबा एकटे आहेत. तर आई म्हणते, घरी जाऊन काय करू? तिथं सगळं होऊन राहिलं."

"असं म्हणाली?"

"हो. म्हणे, तुझ्या बाबाले आता माझी गरज नाही. त्यायनं स्वतःच सांगितलं."

सांगितलं होतं. मागचं पान काढून पाहिलं, सात डिसेंबर. गमजा मारत होतो आणि आपल्याच हाताने लिहूनही ठेवलं. मग पुढची पानं वाचली. भांडी वाजायची थांबली ते लिहिलं आहे. "बरं" म्हणाली ते लिहिलं आहे. भर दुपारी फोन करून कोहळा फोडला का विचारलं, तेही लिहिलं आहे. कापडाचं सूत बोटाने ओळखणारा मी, आणि बायको महिना-दीड महिना काय विचारत होती ते मला ओळखू आलं नाही. तिला विचारायचं होतं, की माझ्यासाठी काही उरलं आहे का? आणि मी दरवेळी तिला सांगितलं, की काळजी करू नको, तुझ्यावाचून काही अडत नाही.

सकाळी अंघोळ केली. कोहळ्याला हळदकुंकू लावलं. ते तिचं काम, पण आज मला करावं लागलं, जरा फासल्यासारखंच झालं. विळा घासून घेतला आणि एक वार केला. एकच. विळा चांगला चार बोटं आत गेला आणि पांढरा गर दिसला. सगळ्या खोलीला ओला वास आला. तिथेच विळा बाजूला ठेवला आणि फोन लावला.

"कोहळ्यावर वार केला," म्हटलं.

 ती म्हणाली, "काहून केला? वर्षभर राहिला असता तो."

"माझं काम होतं ते. माझं झालं."

"आता तो राहते का? थंडी आहे म्हणून चार दिवस. त्याच्यापुढं पाणी सुटते. फ्रीजमध्ये ठेवा."

"नाही मावत."

मावला असता. वरची जाळी काढली असती तर मावला असता.

"मग ओल्या फडक्यात गुंडाळा. अन् किसून घ्या आजच. तुमचा मोबाइल आहे ना, त्याच्यात पाहून..."

"पाहिलं. मले नाही जमत."

"मुगाच्या जमल्या, अन् ह्या नाही?"

"नाही जमत, ललिता. मुगाच्या तू फोटोतच पाहिल्या. कबुतराची घाण पडल्यासारख्या झाल्या आहेत. मी त्या खाल्ल्याही नाहीत."

ती हसली का रडली ते कळलं नाही, फोनवर दोन्हीचा आवाज सारखाच येतो. मला वाटलं आता लागलीच बोलावं, नाहीतर पुन्हा फर्स्ट क्लास म्हणून मोकळा होईन.

"पायाले मुंग्या येत होत्या मले. बी-बारा कमी झालं होतं. हर्षानं गोळ्या पाठवल्या होत्या, त्या मी घेतल्या नाहीत. इंजेक्शनं घ्यावी लागली. तुले सांगितलं नाही."

"मले माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"कुंताबाईनं. त्याच दिवशी."

"मग बोलली काहून नाही?"

"तुम्ही सांगता का ते पाहत होती. विचारलं ना मी, दुसरं काही नाही ना म्हणून? तुम्ही म्हटलं, थंडी आहे, दुसरं काय असंन. मी म्हटलं, असंन थंडी."

 तिकडे पोर काहीतरी आपटत होती.

"ये," मी म्हटलं. इतक्या वर्षांत मी तिला हे कधी म्हटलं नव्हतं. माहेरी गेली तरी ती आपली आपण यायची. "जून नको. मले करमत नाही. सगळं येते मले करायला, पण जेवण जात नाही."

 मी फोन कानाला तसाच धरून कोहळ्याकडे पाहत बसलो. फटीतून पाण्याचा एक थेंब पोत्यावर पडला.

"फडकं ओलं करा," शेवटी म्हणाली. "सुती घ्या, ते टेरिकॉटचं नका घेऊ. अन् उडदाची डाळ भिजवू नका एवढ्यात. मी सांगन तेव्हा."

६ फेब्रुवारी

फडकं दोनदा ओलं केलं. दुकानातला नवा सुती पंचा काढला त्यासाठी.

हर्षाचा फोन आला होता. तिची आई उद्या गोंदियाहून बंगलोरला निघते आहे. हर्षा म्हणाली, "बाबा, आधीच बोलले असते तर. इथे आई रोज मला विचारायच्या, वड्या इथल्या उन्हात वाळतील का, आणि लगेच म्हणायच्या, जाऊ दे, कोहळा तर तिकडे आहे." मग विचारलं, गोळी घेता ना? म्हटलं, घेतो बाई, आता चुकवत नाही.

८ फेब्रुवारी

सकाळी कोहळा वास घेऊन पाहिला, चांगला आहे. भैय्यालालांना विचारून गाडीची वेळ पक्की केली. ललिता उद्या नागपूरला उतरून दुसऱ्या गाडीने वरठी स्टेशनला येईल. मी मोटारसायकल पुसून ठेवली आहे.

संध्याकाळी ललिताचा फोन आला. मागे गाडीचा खडखडाट होता.

"डाळ भिजवा," म्हणाली.

"किती भिजवू?"

मला माहीत होतं, तरी विचारलं. तिने सांगितलं. आधी निवडून घ्या म्हणाली, किती पाण्यानं धुवायची, पाणी डाळीच्या किती वर ठेवायचं, झाकण कोणतं घ्यायचं, आणि रेंज जाईपर्यंत ती सांगत राहिली.